सगळ्यात हळू ॲम्प

बोईसरच्या आमच्या घरात दुपारी कुणी मोठ्याने बोललेलं मला आठवतच नाही. आम्ही मूळचे सांगलीकडचे. बाबा तारापूरच्या एका कापड कंपनीत, लूम खात्यात. नाइट करून सकाळी यायचे, चहा-चपाती खाऊन झोपायचे, आणि मग घरात आईचं राज्य. बाबा उठेपर्यंत कुकर चढायचा नाही. हातातून ताटली निसटली तर आई अशी बघायची की बस्स! सातपाटीची मासेवाली मावशीसुद्धा आमच्या दारात पाटी उतरवून कुजबुजायची, "बाय, बोंबील हायेत, ताजे." कुजबुजत बोंबील विकणारी बाई जगात दुसरी नसेल. मला ते दिवस फार आवडायचे. बंद दारामागून बाबांचं घोरणं ऐकू आलं की घर भरल्यासारखं वाटायचं.

आता आई नाही. बाबा रिटायर होऊन दिवसभर खुर्चीत असतात आणि लूमच्या खडखडाटाने त्यांचे कान जवळजवळ गेलेत. कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून ते ड्रॉवरमध्ये. चाळिशी उलटल्यावर मी इलेक्ट्रिक गिटार शिकायला लागले, तेव्हा नातेवाइकांनी 'हे काय नवीन खूळ' म्हणून नाकं मुरडली. मुरडोत! मला एकदाच, बाबांना थोडंफार ऐकू येतंय तोवर, त्यांच्यासमोर वाजवायचं होतं.

त्यासाठी घरात वाजवायला गिटारचा आवाज वाढवणारा छोटा ॲम्प हवा, म्हणून पालघरला गेले. दुकानदाराने तीन-चार मांडले. मी प्रत्येकाचा आवाज कमीत कमी करून बघत होते. शेवटी तो म्हणाला, "ताई, हा सगल्यात बारका. हेडफोन पन लागतो. शेजारी भांडायला येनार नाय." झालं, तोच उचलला.

घरी आल्या आल्या बाबांना समोर बसवलं. आई कामं करताना एक चाल गुणगुणायची, ती वाजवली. अख्खी, एकदाही न अडखळता. बाबा माझ्या बोटांकडे बघत होते. मी थांबले, तर म्हणाले, "अगं, कर की आता सुरू."

मला रडूच फुटलं. आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, तर तो डबा नुसता खरखरला. दुपारी आवाज नको हे इतकं अंगात मुरलेलं, की बहिऱ्या बापासाठी मी सगळ्यात हळू ॲम्प निवडून आणला होता. धन्य आहे माझी!

दुसऱ्या दिवशी बाबांनाच दुकानात घेऊन गेले. ते एकेका ॲम्पपुढे वाकून कान देत होते. दुकानदार आवाज चढवत गेला, रस्त्यावरची माणसं आत डोकावली, आणि बाबांच्या भुवया एकदम वर गेल्या. "हा! हा घे," ते ओरडलेच.

घरी भर दुपारी तीच चाल पुन्हा धरली. भिंतीवरचं घड्याळ थरथरायला लागलं. दोन ओळी होतात न होतात तोच माझा हात आपोआप बटणाकडे गेला, आवाज कमी करायला. बाबांनी माझं मनगट धरलं आणि हात परत तारांवर ठेवला.

"वाजव गं," ते म्हणाले. "मी जागाच आहे."