आखूड लाट

सातव्या कचेरीच्या फाटकापाशी भाचीच्या चपलेचा अंगठा तुटला, तरी मामा थांबायला तयार नव्हता. पाणीखात्याच्या पाटीकडे बोट करून म्हणाला, "बघ, इथंही आखूडच."

पाटीवर खात्याचं चिन्ह: घागर आणि तिच्याखाली तीन लाटा. तिसरी उजवीकडे तोकडी. सकाळपासून तिला पायपीट करायला लावून तो हेच दाखवत होता; पाट्यांवर, टँकरवर, चौकीदाराच्या बिल्ल्यावरसुद्धा.

मामा या खात्याचा रंगारी. एकतीस वर्षं त्याने ही घागर सुतळी-खडूने आखून हाताने रंगवली. मग नवे साहेब आले. त्यांनी चिन्हाची नियमावली काढली. निळा कोणता, कडेला मोकळी जागा किती, सगळं ठरवून. हातचं काम प्रमाणात बसत नाही म्हणाले. चारचौघांदेखत मामाला त्याच्याच पाट्या काथ्याने घासायला लावल्या आणि घरी बसवलं. तेव्हापासून मामा मधूनच स्वतःशी हसे; का, ते भाचीला आज सकाळीच कळलं.

खरी मेख आजवर त्याला एकट्यालाच ठाऊक होती. नियमावली करताना मूळ मंजूर आराखडा कुणाला सापडेना. तो रंगकामासाठी मामाकडे दिलेला, परत कुणी मागितलाच नव्हता; शिक्क्यासकट ट्रंकेत पडून होता. साहेबांनी मग मुख्य दारावरच्या चिन्हाचा फोटो काढून तेच प्रमाण म्हणून छापलं. तेही मामाच्याच हातचं. त्या दारावर तिसऱ्या लाटेच्या वाटेत कडी येत होती, म्हणून त्याने तिथं लाट आवरती घेतली होती.

हे कळूनही मामा दोन वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. शेवटची पाटी लागेपर्यंत.

भाची शाळेत शिकवणारी, रोज पोथीचं पान वाचल्याशिवाय चहा न घेणारी. ती हळूच म्हणाली, "मामा, सोड आता. देव बघतोय."

"बघतोय गं. पण अर्ज काही तो लिहीत नाही."

मग तो पायरीवर बसला, खिशातून कोरा कागद काढून तिच्या हातात दिला.

"तुझं शुद्धलेखन पक्कं आहे. वरच्या कचेरीला लिही. रागाचा एक शब्द नको. लिही, तिसरी लाट आखूड आहे, कारण तिथं दाराची कडी होती. पुराव्याला ट्रंकेतला शिक्क्याचा आराखडा जोडू. आणि खाली नम्र विनंती घाल, की पहिली पाटी साहेबांनी स्वतः घासावी, सगळ्यांसमोर. काथ्या मी देईन. तोच जपून ठेवलाय."