‘काई कमी नाही’ म्हणणारे बाबा

त्या दिवशी सकाळपासून आमच्या घरात शेजारपाजारच्या वस्तू येत होत्या. कमलकाकूंच्या सोनेरी काठाच्या कपबशा, समोरच्यांची खुर्ची, कुणाची तरी नवीकोरी चादर...

गोष्ट सत्तरच्या दशकातली, नागपूरच्या महालातली. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि कॉलेजात फी माफीचा अर्ज केला होता. घरची कमाई खरंच कमी आहे का, हे बघायला तहसीलातून एक कारकून येणार होते.

म्हणजे आमची गरिबी तपासायला माणूस येणार, आणि आई घर सजवत होती! "आई, असं काहून करून राहिली तू?" मी रडकुंडीला आले होते. "सरकारी माणूस येते, त्याले कान तुटलेल्या कपात चहा देऊ का वं?" असं म्हणून तिने चादरीची सुरकुती काढली.

पण मला खरी धास्ती होती ती बाबांच्या एका वाक्याची.

बाबा शिंपी. धंतोलीत एका दवाखान्याच्या जिन्याखाली मशीन घेऊन बसायचे. त्यांना कुणीही विचारलं, कसं काय चाललंय, की उत्तर ठरलेलं... "देवाच्या दयेनं काई कमी नाही." घरात तेल संपलेलं असो, नाहीतर खोलीचं भाडं थकलेलं असो.

या वाक्याने माझ्या मोठ्या बहिणीचं, सुशीताईचं शिक्षण खाल्लं होतं. ती नववीत असताना हेडमास्तरांनी आपणहून विचारलं होतं, पोरीची फी माफ करू का? बाबांनी तेच सांगितलं. पुढे फी भरता आली नाही आणि ताई घरी बसून शर्टांना काज-बटण करायला लागली.

आता माझी पाळी होती. येत्या सोमवारी कॉलेजात कमाईचा दाखला दिला नाही तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं. कारकून येण्याच्या आदल्या दिवशी मी बाबांना अक्षरशः हात जोडून सांगितलं, उद्या ते वाक्य नको. ते सुईत दोरा ओवत नुसतं हं म्हणाले.

कारकून दहाच्या सुमारास आले. चाळिशीचे, सडपातळ, काखेत फाईल. सोनेरी काठाच्या कपातून चहा पीत त्यांनी चादर पाहिली, खुर्ची पाहिली... मी आणि ताई आतल्या दाराला चिकटून उभ्या.

"चांगलं चाललेलं दिसते तुमचं," ते म्हणाले.

"हो जी. देवाच्या दयेनं काई कमी नाही."

ताईने माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. त्या क्षणी मला बाबांचा जेवढा राग आला, तेवढा पुन्हा आयुष्यात कुणाचा आला नाही.

"मंग माफी काहून पायजे तुमाले?" कारकुनांनी फाईल बंद केली. बाबा खाली मान घालून बोटावरचं शिवणकामाचं टोपण फिरवत बसले... आणि कारकून उठले, चपला घालायला वाकले.

वाकल्यावर बाबांना त्यांची कॉलर दिसली.

तेव्हा कॉलर झिजली की ती उसवून, उलटी करून पुन्हा शिवायचे, म्हणजे चांगली बाजू वर यायची. पण असं एकदाच करता येतं. या कॉलरची उलटवलेली बाजूही विरली होती.

"साहेब, हे कॉलर कोणं उलटवली?"

कारकुनांचा हात मानेवर गेला. "बायकोनं. हातानंच."

"किती पगार भेटते जी तुमाले?"

आई आतून हळूच "अगं बाई" म्हणाली. सरकारी माणसाला असं कुणी विचारतं का! कारकूनही बिचकले. मग ओशाळं हसून म्हणाले, "भागते आपलं."

बाबांनी खुर्ची पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "बसा जी साहेब. माझंही असंच भागते." आणि एका दमात बोलून गेले... महिन्याला शंभर-सव्वाशे, पावसाळ्यात तेवढेही नाहीत. कपबशा शेजारच्या, खुर्ची समोरच्यांची, चादर कुणाची ते बायकोला विचारा. मोठी पोरगी शाळेतून काढली, ती माझ्या तोंडामुळे.

माझ्या हातातला ताईचा हात सैल पडला. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती.

बाबांची कमाई मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

कारकुनांनी फाईल पुन्हा उघडली आणि सगळं लिहून घेतलं. निघताना बाबा म्हणाले, शर्ट धंतोलीत आणून द्या, खालच्या घेरातलं कापड काढून नवी कॉलर करून देतो. कारकुनांनी नकारार्थी मान हलवली. "आधी दाखला होऊ द्या. नाहीतर ते लाच होईल जी."

दाखला सोमवारच्या आत मिळाला. पुढच्या महिन्यात कारकून खरंच शर्ट घेऊन धंतोलीत आले. कॉलर झाल्यावर किती झाले विचारलं, तर बाबा सवयीने म्हणाले, "द्या ना जी, काय द्याचं ते." कारकून म्हणाले, "आकडा सांगा." बाबांनी बारा आणे सांगितले. घरी येऊन ही गोष्ट त्यांनी ताईला दोनदा सांगितली.

परवा हुडकेश्वरला एका ओळखीच्यांकडे गेले होते. तीन मजली बंगला, दारात दोन गाड्या, आणि मालक म्हणतात, "पोटापुरतं मिळतं हो." माझं डोकंच फिरलं! पण त्यांच्याकडे कुणी फाईल घेऊन येणार नव्हतं, म्हणून मी नुसता चहा प्यायले.

ताई पुढे शिकली नाही. मी शिकले, नोकरी केली, पेन्शन घेते. त्या कारकुनांचं नाव मला माहीत नाही, दाखल्यावरची त्यांची सही कधी वाचताच आली नाही... पण तो कागद मी अजून जपून ठेवलाय. आणि कुणी कमाई विचारली तर मी सरळ आकडा सांगते, ताईसमोर तर नक्कीच.