बेरीज तीच, नंबर दुसरा

शुद्धलेखनाच्या चुका असतील आणि अक्षर वाकडे आहे, त्याबद्दल माफी. चौथीपर्यंतच शिकले. हे कोणाला दाखवायचे नाही, तरी माफी मागून ठेवते.

धाकट्या लेकीचा नर्सिंगचा नंबर धुळ्याला लागला. फीचे पंधरा हजार संध्याकाळी पाच वाजायच्या आत भरले नाहीत तर जागा दुसरीला जाणार होती. भाऊ तिला घेऊन तिथे रांगेत उभा होता. त्याने फोनवर आपला नवा नंबर सांगितला, मी लिहून घेतला.

आमचे आबा फैजपूरला केळीच्या काट्यावर होते. वजन ओरडून सांगितले की आकड्यांची बेरीजही सांगायची, म्हणजे लिहिणाऱ्याची चूक कळते. आम्हा भावंडांना तीच सवय.

"अक्का, बेरीज?"

"एकावन्न."

"बरोबर. बँकेतच लागायला पाहिजे होतीस!"

मी पैसे पाठवले. फोनवर नाव आले ते इंग्रजीत. मला ते वाचता येत नाही, म्हणून बेरजेवरच भरवसा ठेवला.

थोड्या वेळाने भाऊ म्हणाला, "अक्का, आले नाहीत गं."

नंबर पुन्हा विचारला. शेवटी ७२ होते, मी २७ लिहिले होते. आकडे उलटे पडले तरी बेरीज तीच राहते, हे आबांनी कधी सांगितले नव्हते. पापड लाटून जमवलेले पैसे होते ते. दुसरे कुठून आणणार? मागून लेकीचा आवाज येत होता, "आई काय म्हणते, मामा?"

मला अनोळखी माणसाशी बोलवत नाही. तरी त्या नंबरवर फोन लावला.

"असा फसवाना फोन रोज येतस," म्हणून त्याने ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा ठेवला. मी चुलीपाशी बसून रडले. मग परत लावला आणि एका दमात बोलले, "भाऊ, पैसे देऊ नका. फक्त माझ्या भावाचा नंबर तुमच्या नंबराखाली लिहा आणि वजाबाकी करा."

मी भावाचा नंबर एकेक आकडा सांगितला, त्याने लिहून घेतला.

"पंचेचाळीस उनी."

"नऊ पाचे पंचेचाळीस. आकडे उलटे झाले की फरक नवाच्या पाढ्यातच येतो. वाटल्यास दोन्हींची बेरीज करा, तीच येईल."

तो हसला. "ताई, मी शिरपूरले कापूसना काट्यावर शे. आमनी बी अशीच चूक व्हस. बठ्ठा पैसा, पुरा पंधरा हजार, तुमनाच शे."

फोन वाजला. एक रुपया आला होता. एकच. मी फोन हातात धरून घड्याळाकडे बघत राहिले. साडेचार झाले होते.

परत त्याचाच फोन. "ताई, रुपया पोचना का? आते मी उलटा नंबर टाकाव नही!"

"पोचला, भाऊ."

मग चौदा हजार नऊशे नव्व्याण्णव आले. मी एकेक आकडा बोट ठेवून वाचला. पंधरा हजार पूर्ण परत आले होते. शेवटचे ७२ दोनदा बघून ते लगेच भावाला पाठवले, आणि पाचच्या आत फी भरली गेली.