नोझल माझ्या खिशात

जालन्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा अंगाला अत्तर चोपडलेलं होतं. मधमाश्या पाहायला निघालेला माणूस अत्तर लावतो, यावरून त्याची अक्कल वाचकांनी आत्ताच जोखावी. पुढं धक्के कमी बसतील.

माझे यजमान रफिकभाई, मधपाळ. त्यांच्या मोटारसायकलवरून अंबडच्या रस्त्याला लागलो. "गेल्या साली भर सकाळी फवारणी झाली," ते म्हणाले. "माश्या फुलांवर होत्या. सांजच्याला पेट्यांपुढं मेलेल्या माश्यांचा नुसता थर. यंदा शर्त घालूनच पेट्या उघडणार."

शेत द्वारकाबाईंचं. डोंगळा (बियाण्यासाठी फुलू दिलेला कांदा) कमरेपर्यंत उभा, वर पांढरे गोंडे. बाई गोंड्यांवरून तळहात फिरवत चालल्या होत्या.

"माश्यांचं काम करून राह्यले," त्या म्हणाल्या. "पण हातानं किती होणार? गेल्या साली गोंडे पोकळ निघाले, बी धरलंच न्हाई. बघता का फिरवून?"

मी फिरवला. दुसराच गोंडा मोडून हातात आला.

"ऱ्हाऊ द्या पाव्हणे. माश्याच बऱ्या."

पेट्या बांधावर मांडलेल्या होत्या, दारं मात्र बंद. रफिकभाईंनी हात पुढं केला. "मावशी, नोझल. फुलोरा सरेस्तोवर माझ्यापाशी."

"अन् फुलकिडे पडले तर?"

"मला बोलवा. अंधारल्यावर पेट्या बंद करतो, मंग मारा."

बाईंनी पाठीवरच्या फवारणी पंपाचं नोझल (फवारा सोडणारं टोक) फिरवून काढलं.

"नवं नोझल जालन्यात मिळतंच की," मी ज्ञान पाजळलं.

"साहेब, मावशीला शिकवून राह्यले का?" रफिकभाई कळवळले.

"मला म्हाईत न्हाई व्हय?" बाई हसल्या. "दिलं म्हंजे दिलं."

रफिकभाईंच्या हातात माश्या शांत करायचा धुराचा डबा, म्हणून नोझल त्यांनी माझ्याकडं दिलं. "जरा धरा." दारं उघडली आणि पहिली माशी थेट माझ्या अत्तराकडं आली. नाकावर डंख बसताच मी कांद्यातून धूम ठोकली.

"गोंडे मोडतील, गोंडे!" बाई ओरडल्या. नाकाची चौकशी कोणीच केली नाही.

भाकरी-ठेचा खाऊन, वांग्याएवढं नाक घेऊन मी गाडी पकडली. पुण्याला पँट धुवायला काढली, तर खिशात नोझल.

घाबरून फोन लावला. रफिकभाई जवळजवळ ओरडलेच. "तुमच्याकडं आहे? धांदलीत तुम्हाला दिलेलं विसरलोच. मला वाटलं, मावशीनं गुपचूप परत नेलं. पेट्या गाडीत भरून न्यायला आल्तो मी! इथं भांडण जुंपलंय!"

पलीकडून फोन हिसकावल्याचा आवाज आला. "चोर म्हनत होता मला!" द्वारकाबाई. मग मला, "पाव्हणे, तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. हितं किडा दिसला की माझा हात शिवशिवतो."

"बराबर," मागून रफिकभाई. "पेट्या ऱ्हातील मंग."

छत्र्या, किल्ल्या, एकदा तर सासऱ्यांचं धोतर हरवणाऱ्या माणसावर जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी भरवसा टाकला होता. "पण फुलकिडे पडलेच तर?" मी विचारलं.

"मंग जल्दी गाडी धरा अन् घेऊन या," बाई म्हणाल्या. "फक्त अत्तर मारून येऊ नका."

नोझल माझ्या चष्म्याच्या डबीत आहे. रोज सकाळी उघडून बघतो. अत्तराची बाटली शेजाऱ्यांना देऊन टाकली.