काशीआत्या आणि जप्तीतले बैल

वहिनीचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या शाळेत वर्गावर होतो. "आत्या गेली..." एवढंच ती बोलली. काशीआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. वहिनी तिची सून. दोघी खोडाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावर राहायच्या. आता महिना होत आला, पण आत्याचा विषय निघाला की मला ते जप्तीचं वर्षच आठवतं.

डोंगरउतारावरचं तिचं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, शेत कागदोपत्री जंगलात मोडायचं. वनहक्काचा दावा टाकला होता, निकाल यायचा होता. नांगरणी चालू असताना वनखात्याची माणसं आली, पंचनामा केला आणि नांगरासकट दोन्ही बैल घेऊन गेली. आत्या त्यांच्यामागून चालत थेट खात्याच्या लाकूड डेपोपर्यंत गेली. तिथले साहेब तसे भले होते. अतिक्रमण केलं असं लिहून द्या, आजच बैल सोडतो, असं त्यांनी समजावलं. घरातल्यांनाही ते पटलं. आत्या म्हणाली, "आज बैलांपायी लिहून दिलं, त उद्या जमीन कोन्च्या तोंडानं मागू?"

दुसऱ्या दिवसापासून ती गवताचा भारा घेऊन डेपोच्या फाटकाशी उभी राहू लागली. जप्तीचा माल आहे, हात लावता येणार नाही, असं रखवालदाराने बजावलं. "बैल सरकारचं झालं असतील, भूक त त्यांचीच हाय ना?" त्याने फाटक उघडलं. पुढे तोच पाणी भरून ठेवायचा. इकडे शेत पडीक राहिलं तर दावा लुळा पडेल हे ओळखून तिने पाड्यावरच्या बाया गोळा केल्या आणि कुदळीने खणून सगळा उतार नागलीने भरला. वनहक्क समिती पाहणीला आली तेव्हा पीक कमरेला लागलं होतं. सासऱ्यापासूनची वहिवाट पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनी सांगितली.

तिने लिहून दिलं नाही म्हणून अतिक्रमणाचा खटला कोर्टात गेला होता. कोर्टाने बैल सोडले त्या दिवशी मी सोबत होतो. एकाच्या बरगड्या दिसत होत्या. आत्या नुसती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली... पुढे जमिनीचा पट्टाही तिच्या नावावर झाला. नांगर मात्र पुरावा म्हणून खटला संपेपर्यंत अडकला. घरात दुसरा नांगर आला, तरी बाजाराच्या दिवशी ती डेपोत जाऊन विचारायचीच.

मागच्या बाजाराला वहिनीसोबत मीही डेपोत गेलो. नांगर कोठीत भिंतीला टेकून उभा होता, मुठीला चिठ्ठी बांधलेली. कारकून नवा होता. बाई तर वारल्या, आता याची चौकशी कोण करणार, असं तो सहज म्हणून गेला.

"मी," वहिनी म्हणाली. "सून हाय त्यांची. पुढल्या बाजाराला येते."