पाचवी खाच

आधी माफी मागतो. आमच्या घरात परीक्षेच्या पेपरापलीकडे कुणी काही लिहिलेले नाही, आणि कॉलेजचा पेपर लिहिणाराही मी पहिलाच. वडील देवास गेटच्या स्टँडवरून ऑटो चालवतात. विमानाबद्दल लिहिण्याचा मला काय अधिकार? पण त्या सकाळचा एक तास अजून मनातून जात नाही.

आमच्या फ्रीगंज वस्तीत मागच्या गल्लीत एक काका राहतात. ते हवाई दलात मेकॅनिक होते; निवृत्तीनंतर विमान चालवायलाही शिकले. शहराबाहेरच्या धावपट्टीलगत एका पत्र्याच्या शेडमध्ये ते कित्येक वर्षे स्वतःचे छोटे विमान बांधत होते. मी इंजिनियरिंगला, म्हणून रविवारी मदतीला जायचो.

शेवटी इंजिनावरचे झाकण राहिले होते. ते सारखे उघडावे लागते, म्हणून त्याला साध्या स्क्रूऐवजी क्वार्टर-टर्न बसवतात. स्क्रू ड्रायव्हरने दाबून पाव फेरी दिली की तो आतल्या स्प्रिंगमध्ये अडकतो. माझ्या बाजूला असे बारा होते. काकांचा नियम असा की स्प्रिंगा रिवेट करतानाच अशा बसवायच्या, की बंद झाल्यावर क्वार्टर-टर्नच्या डोक्यावरच्या सगळ्या खाचा आडव्या दिसतील.

"एक नजर टाकली की समजलं पाहिजे," ते म्हणायचे. "खाच उभी दिसली तर उघडी. खलास."

दुसरा नियम सहीचा. प्रत्येक क्वार्टर-टर्नशेजारी कागदी चिकटपट्टी लावायची आणि ज्याने तो बसवला त्याने तपासून तिच्यावर पेन्सिलीने सही करायची.

पाचवी स्प्रिंग मी चुकीच्या दिशेने बसवली. भोके पाडून, रिवेट ठोकून झाल्यावर लक्षात आले. पकड पक्की होती, पण बंद केल्यावर खाच उभी राहत होती. रिवेट काढायला जावे तर पातळ पत्रा फाटायची भीती. तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला.

"क्या इंजिनियर साहेब, झालं का? की कॉलेजात हा चॅप्टर अजून आलाच नाही?"

मी हसलो आणि म्हणालो, "झालं, काका."

अकरा पट्ट्यांवर सह्या केल्या. पाचवीवर पेन्सिल टेकवली, पण हात पुढे सरकेना. ती कोरीच सोडली. पुढच्या रविवारी सांगू, असे ठरवले आणि त्या रविवारी अभ्यासाचे निमित्त करून गेलोच नाही.

नंतरच्या मंगळवारी नऊला पेपर होता. हॉलच्या दाराशी काकांचा मेसेज वाचला: 'वारा शांत आहे. दहाला उडतो. तू पेपर चांगला लिही.' मला आनंदच झाला. फोन बॅगेत आणि बॅग बाहेर ठेवून आत गेलो.

दुसऱ्याच प्रश्नात बोल्टची आकृती काढायची होती. ती काढताना हात थांबला. काका उडण्याआधी विमानाभोवती फेरी मारणार. त्यांना एक खाच उभी दिसणार. ती उघडी राहिली असे समजून ते ती आडवी करणार, म्हणजे बंद असलेला क्वार्टर-टर्न स्वतःच्या हाताने उघडणार. आणि पाचवा होता अगदी पुढच्या कोपऱ्यात, पंख्याच्या मागेच. वारा तिथूनच आत शिरून झाकण उपटणार. हे फक्त मला माहीत होते.

मी उभा राहिलो. "सर, एक फोन करायचाय."

"बैठो. दस बजे से पहले कोई बाहर नहीं जाएगा."

"सर, किसी की जान का सवाल है."

"सबकी जान अटकी है बेटा. पेपर ही ऐसा है."

मागची बाके हसली. मी बसलो. त्यानंतर मी काय लिहिले, आठवत नाही. घड्याळ मात्र आठवते.

दहाची घंटा झाली तसा अर्धा पेपर तसाच देऊन बाहेर पळालो. काकांना फोन लावला. तो काकूंनी उचलला.

"काकू, काका..."

"कोण? तू होय! अरे, कुठलं उडणं आणि कुठलं काय! एका पट्टीवर तुझी सही नाही म्हणे. केव्हाचे विमानापुढे खुर्ची टाकून बसलेत. मी म्हटलं, तुम्हीच फिरवून बघा ना. तर म्हणे, ज्यानं बसवलं तो येईपर्यंत हात लावायचा नाही."