चोरओटी

डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेरूसारखं चित्र काढलं आणि म्हणाल्या, गाठ काढलीय, गर्भाची पिशवी ठेवलीय. गाठ कॅन्सरची होती, फार कमी बायकांना होते म्हणे. लॉटरी कधी लागली नाही, हे बरं लागलं. सत्ताविसाव्या वर्षी मला पिशवी घालवायची नव्हती, मूल हवं होतं. म्हणून रोज हार्मोनच्या गोळ्या, दर तीन महिन्यांनी एमआरआय. गाठ परत दिसली तर पिशवी जाणार. मी मान डोलावली. रडूबिडू काही आलं नाही.

घाटकोपरला घरी सासूबाईंना एवढंच सांगितलं की साधी गाठ होती, काढली. नवरा म्हणाला, "आईला कशाला टेन्शन?" म्हटलं, ठीक आहे. तेव्हा मला सगळंच ठीक वाटायचं.

गोळ्यांनी पाळी थांबली. आमच्याकडे ते चार दिवस देवापुढे दिवा सासूबाई लावतात, एरवी मी. तीन महिने दिवा मीच लावत होते. त्यात मळमळायचं, बांगडे तळायला घेतले की मी उठून जायचे. सासूबाई हे सगळं बघत होत्या.

एमआरआयच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनी दार लोटलं, मला पाटावर बसवलं आणि माझ्या ओढणीत तांदूळ, खण, नारळ घातला. दिवस गेले की तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरतात ती चोरओटी.

"कोणाक सांगू नको हां," त्या म्हणाल्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी वाकून नमस्कार केला आणि नारळ देव्हाऱ्यात ठेवला. वाटलं काहीच नाही, नारळ तेवढा जड लागला.

रिपोर्ट मंगळवारी आला. गाठ नव्हती. नवऱ्यानं दवाखान्यात खुर्चीतच डोळे पुसले, मला ती ओटी आठवत होती. घरी सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगून टाकलं, कॅन्सर हा शब्दसुद्धा. दिवस गेलेले नाहीत, गोळ्या आहेत.

"माका आधी सांगूक काय झाला तुमका?" त्यांचा आवाज चढला. मग मेथीची जुडी परत पुढे ओढली.

मी देव्हाऱ्यातला नारळ आणून त्यांच्यापुढे ठेवला. "खोटी ओटी आहे. फोडून वाटपाला घाला."

"पिशवी आसा ना?"

"आहे."

"मगे खोटी कशी?"

त्यांनी नारळ उचलून परत माझ्या ओढणीत घातला. तेव्हा मात्र मला रडू फुटलं, तीन महिन्यांचं. त्या मेथी निवडत राहिल्या.

"पुढच्या तपासणीक मी येतलंय," म्हणाल्या.